कडू त्रपुस, गोड काकडी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात काकडी दोनदा भेटते आणि दोन्ही वेळा तिचा स्वभाव निराळा आहे. पहिल्या अध्यायात, ज्यांचे फळ औषधासाठी घ्यावे अशा १९ वनस्पतींची नावे आहेत. त्यांत त्रपुस आहे. लगेच पुढे ते वमनाच्या, म्हणजे रोग्याला औषध म्हणून ओकारी करविण्याच्या, द्रव्यांत धामार्गव, इक्ष्वाकु, जीमूतक अशा जहाल मंडळींच्या पंक्तीला बसवले आहे. मग २७ व्या अध्यायात अन्नपदार्थांचे गुण सांगताना त्याच त्रपुसाचे वर्णन गोड, पचायला जड, थंड, तोंडाला रुचणारे आणि अतिशय मूत्रल असे येते. एके ठिकाणी पोटातले बाहेर काढणारे औषध आणि दुसऱ्या ठिकाणी उन्हाळ्यात जेवणासोबत खाण्याचे फळ. नाव मात्र एकच.

अशा विसंगतीवर दोन उत्तरे झटपट सुचतात. एक, जुन्या ग्रंथांत सगळेच सापडते, तेव्हा फार विचार करू नये. दुसरे, ऋषींना सर्व काही ठाऊक होते, तेव्हा शंकाच घेऊ नये. दोन्ही उत्तरांनी प्रश्न तसाच राहतो. गेल्या वीस वर्षांत वनस्पतिशास्त्र आणि जनुकशास्त्र यांनी काकडीविषयी जे शोधून काढले, ते या दोन अध्यायांशेजारी ठेवून वाचले तर तिसरे आणि अधिक रंजक उत्तर हाती येते.

प्रथम ती पंगत पाहावी. चरकाने वमनासाठी सहा मुख्य द्रव्ये मानली आणि त्यांचे ३५५ योग मोजून सांगितले: मदनफळाचे १३३, जीमूतकाचे ३९, इक्ष्वाकूचे ४५, धामार्गवाचे ६०, वत्सकाचे १८ आणि कृतवेधनाचे ६०. यांतील जीमूतक, इक्ष्वाकु, धामार्गव आणि कृतवेधन ही चारही काकडीच्या कुळातील, म्हणजे भोपळा, दोडका, घोसाळे यांच्या गोतावळ्यातील फळे होत. इक्ष्वाकु म्हणजे कडू दुधी. बाकीची तिन्ही दोडक्याच्या कडू भावंडांत मोडतात. बेरीज केली तर ३५५ पैकी २०४ योग एकट्या या कुळाचे निघतात. प्राचीन वैद्यांच्या दृष्टीने वेलीवरचे कडू फळ हे पोट रिकामे करण्याचे खात्रीचे साधन होते आणि आपल्या स्वयंपाकघरातील बहुतेक वेलभाज्यांना असा एकेक कडू जुळा भाऊ होता. दुधीला होता, दोडक्याला होता. मग काकडीलाच का नसावा?

तो होता आणि अजूनही आहे. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा कारभार पाहणाऱ्या जॉन फोर्ब्स रॉइल या सर्जनने हिमालयाच्या पायथ्याशी रानात वाढणारा एक वेल १८३५ साली शास्त्रीय वाङ्मयात नोंदवला आणि त्याला कुकुमिस हार्डविकी हे नाव दिले. पाने, फुले, वेलाची ठेवण सारे काकडीचे. फळ मात्र आखूड, अंडाकृती आणि तोंडात धरवत नाही इतके कडू. रॉइलने ती स्वतंत्र जाती मानली. आज ती काकडीचेच रानटी रूप मानली जाते, कारण दोघांचा संकर सहज होतो आणि त्यातून निपजणारी झाडे पुढे बी धरतात. पायथ्याच्या टेकड्यांखेरीज देशाच्या इतर काही भागांतही हे वेल आढळतात. ज्या भूमीत चरकसंहिता रचली आणि वाचली गेली, त्याच भूमीत गोड काकडी आणि तिचे कडू रानटी रूप शेजारी शेजारी वाढत होते.

काकडीचा संपूर्ण जनुकसंच २००९ साली प्रसिद्ध झाला. भाजीपाल्याच्या पिकांत असा मान मिळालेले ते पहिलेच पीक. त्यानंतर २०१३ साली संशोधकांनी ११५ निरनिराळ्या काकड्यांचे जनुकसंच ताडून पाहिले. त्यांचे चार गट पडले: भारतीय, युरेशियाई, पूर्व आशियाई आणि चीनच्या दक्षिण टोकाला असलेल्या शीश्वांगबान्ना प्रदेशातील. यांतला भारतीय गट सर्वांत वैविध्यपूर्ण निघाला आणि रानटी काकड्याही त्यातच होत्या. पिकाचे मूळ घर शोधताना शास्त्रज्ञ जे पुरावे पाहतात, त्यांत हा एक वजनदार पुरावा असतो. काकडीचे माहेर भारत आहे हे अनुमान एकोणिसाव्या शतकापासून केले जात होते. त्याला आता अक्षरशः पेशीतून दुजोरा मिळाला.

कडूपणाचा उलगडा पुढच्या वर्षी झाला. काकडीतील कडू द्रव्याला कुकुर्बिटॅसिन सी म्हणतात. ते तयार करणाऱ्या साखळीत नऊ जनुके कामाला येतात आणि त्या साखळीला चालना देणारी दोन नियामक जनुके असतात. एक पानात काम करते, दुसरे फळात. हे संशोधन २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. त्याचा मथितार्थ असा की माणसाने काकडी गोड केली म्हणजे कडू द्रव्य बनवण्याची क्षमता नष्ट केली नाही. फळातली कळ तेवढी बंद केली. म्हणूनच बाजारातील गोड काकडीच्या वेलाचे पान चावून पाहिले तर ते बहुधा कडूच लागते, कारण पानातली कळ चालू असते आणि किडींपासून वेलाचे रक्षण करते. थंडीचा किंवा पाण्याचा ताण पडला तर फळातली बंद कळही कधी थोडी सैल होते आणि एखादी काकडी अचानक कडू निघते. ते कडू द्रव्य देठाकडच्या टोकाला आणि सालीलगत अधिक असते. टोक कापून मीठ लावून घासण्याची घरोघरची रीत या बाबतीत अर्धी बरोबर आहे. टोक कापून टाकण्याला अर्थ आहे. घासून येणाऱ्या फेसाबरोबर आतला सगळा कडूपणा निघून जातो, या समजुतीला मात्र फारसा आधार नाही.

आता चरकाचे दोन अध्याय पुन्हा वाचावेत. वमनाच्या यादीतले त्रपुस म्हणजे कडू काकडी आणि अन्नपानातले त्रपुस म्हणजे गोड काकडी, असे मानले की विसंगती उरत नाही. हे अनुमान आहे, हे विसरता कामा नये. संहितेत त्या ठिकाणी ‘कडू’ असे विशेषण लावलेले नाही. पण ज्या पंगतीत ते नाव आले आहे तिथली या कुळातली शेजारची सगळी फळे कडू आहेत आणि गोड काकडी खाऊन कोणाला ओकारी होत नाही, हे रोजच्या अनुभवाचे आहे. आणखी एक गोष्ट लक्ष वेधते. यादीत नाव असूनही त्रपुसाला सहा मुख्य वमनद्रव्यांत जागा मिळाली नाही. त्याचे योग कोणी मोजले नाहीत. शेतीत गोड वाणांचा प्रसार होत गेला तसतशी कडू काकडी रानापुरती उरली असावी आणि वैद्याला कडू दुधी किंवा कडू दोडका अधिक सहज मिळत असावा. भाषेत मात्र तिचे नाव गोड काकडीला चिकटून राहिले.

हा केवळ ग्रंथ लावण्याचा खेळ नाही. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर एका वैज्ञानिकाचा मृत्यू झाला आणि देशभर खळबळ उडाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अशा रोग्यांच्या नोंदी तपासल्या. पोटात तीव्र कळा, उलट्या, रक्ताची उलटी, रक्तदाब घसरणे ही लक्षणे पुन्हा पुन्हा दिसली. कारण तेच होते, कुकुर्बिटॅसिन वर्गातील कडू द्रव्ये. त्यांवर उतारा म्हणून देता येईल असे विशिष्ट औषध नाही. समितीचा सल्ला अगदी साधा होता: रस काढण्याआधी फळाचा तुकडा चाखून पाहावा, कडू लागला तर फळ फेकून द्यावे, रस पिऊन अस्वस्थ वाटले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. त्या काळी रोज सकाळी दुधीचा रस पिण्याची लाट आली होती आणि जितके कडू तितके गुणकारी अशी समजूत तिच्याबरोबर वाहत होती. ज्या परंपरेचा हवाला देऊन तो रस प्याला जात होता, त्या परंपरेत कडू दुधी हे रोजच्या पेयात मोडतच नव्हते. ते वैद्याच्या देखरेखीखाली, मात्रा ठरवून, एका विशिष्ट दिवशी द्यायचे वमनाचे औषध होते. त्याचा अतिरेक झाल्यास फेसाळ आणि रक्तमिश्रित ओकारी होते, असे लक्षण चरकाने सूत्रस्थानातच नोंदवून ठेवले आहे. समितीच्या अहवालातली आणि संहितेतली लक्षणे इतकी जवळची असावीत, याचे नवल वाटते आणि थोडे दुःखही.

काकडीच्या इतिहासातला दुसरा गुंता चवीचा नाही, नावाचा आहे. उत्तर भारतात गेलेल्या मराठी माणसाने भाजीवाल्याकडे ‘ककड़ी’ मागितली तर हातात येते ती लांब, सडपातळ, फिकट हिरवी, कधी सापासारखी वळलेली आणि अंगावर बारीक रेघा असलेली वस्तू. आपण जिला काकडी म्हणतो तिला तिकडे ‘खीरा’ म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृत ‘कर्कटी’पासून आले, फळे मात्र निराळी. हिंदीतील ककड़ी ही खरे पाहता खरबुजाच्या जातीची आहे, कुकुमिस मेलो. आपली काकडी कुकुमिस सॅटिव्हस. एकीच्या पेशीत २४ गुणसूत्रे, दुसरीच्या १४. दिसायला बहिणी, पण त्यांचा संकर होत नाही.

संस्कृत ग्रंथांत या दोघींसाठी दोन शब्द आहेत: त्रपुस आणि एर्वारु. भावप्रकाशासारख्या सोळाव्या शतकातील ग्रंथात त्रपुसाला ‘कंटकिफल’ असे पर्यायी नाव आहे. कोवळ्या काकडीच्या अंगावरचे बारीक काटे ज्याने हाताने पुसले आहेत त्याला हे नाव कोणाचे हे सांगावे लागत नाही. खरबुजाच्या जातीतल्या ककड़ीला असे काटे नसतात, तिच्यावर मऊ लव असते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वेलीवर लोंबणाऱ्या जाड काकडीला तवसे किंवा तवशें म्हणतात. हा शब्द ‘त्रपुस’पासून प्राकृतातील ‘तउस’मार्गे थेट आला आहे. ग्रंथातली वस्तू कोणती हे ठरवण्याच्या कामी परसातली बोली अशी साक्ष देते. कोशांत ज्याचा निर्णय होत नाही तो कधी कधी एखाद्या आजीच्या तोंडच्या शब्दात झालेला असतो.

उलट ‘एर्वारु’चा धागा वैदिक ‘उर्वारुक’पर्यंत जातो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील, पुढे महामृत्युंजय म्हणून प्रसिद्ध झालेल्या ऋचेत, देठापासून सुटणाऱ्या उर्वारुकाची उपमा आहे. अनेक भाषांतरांत त्याचा अर्थ काकडी असा दिलेला आढळतो. निसर्गाचे निरीक्षण तिकडे झुकत नाही. खरबुजाच्या अनेक वाणांत फळ पिकले की देठाच्या जोडापाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि फळ आपोआप अलग होते. शेतकरी त्यावरूनच पक्वता ओळखतो. काकडी पिवळी पडेपर्यंत ठेवली तरी बहुधा वेलीला धरूनच राहते. उपमा देणाऱ्याने जे पाहिले ते खरबुजाच्या कुळातले फळ असण्याचा संभव अधिक.

असाच घोटाळा युरोपातही झाला. रोमन सम्राट टायबेरियसला ‘कुकुमिस’ इतके प्रिय होते की ते बारमाही मिळावे म्हणून चाकांच्या गाड्यांवर वाफे करून ते उन्हात फिरवले जात, अशी कथा प्लिनीने दिली आहे. पाठ्यपुस्तकांतून ती काकडीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. हॅरी पॅरिस, ज्यूल्स जॅनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राचीन वर्णने, चित्रे आणि भित्तिचित्रे तपासून दाखवले की भूमध्य समुद्राभोवतीच्या प्राचीन जगात खरी काकडी नव्हतीच. ग्रीक ‘सिक्युस’ आणि लॅटिन ‘कुकुमिस’ म्हणजे लांबट, लव असलेले खरबूज, म्हणजे आपल्या हिंदी ककड़ीची सख्खी. खरी काकडी भारताकडून पश्चिमेला सरकत गेली आणि इसवी सन ५०० ते १३०० या काळात दोन वेगळ्या वाटांनी युरोपात पोहोचली, असे त्यांनी २०१२ साली मांडले. तिथे गेल्यावर तिने जुन्या फळाचे नाव बळकावले. ग्रीक वैद्यांनी ‘सिक्युस’विषयी लिहिलेले गुणही मग आपोआप तिच्या नावावर जमा झाले.

युनानी वैद्यकात मात्र या गुंत्याची जाणीव नावातच जपलेली आहे. तिथल्या औषधांत ‘तुख्मे-खियारैन’ हे द्रव्य वारंवार येते. तुख्म म्हणजे बी आणि ‘खियारैन’ हे अरबी द्विवचन आहे: दोन खियारांच्या बिया. म्हणजे काकडी आणि ककड़ी या दोहोंच्या, एकत्र. ज्याने हे नाव घडवले त्याला फळे दोन आहेत हे पक्के ठाऊक होते आणि औषधासाठी दोन्ही चालतात असा त्याचा निर्णय होता. आज अनेक सूचींत या नावापुढे केवळ कुकुमिस सॅटिव्हस असे लिहिलेले दिसते. द्विवचन असे हळूच एकवचन झाले.

आता बियांकडे वळायला हरकत नाही, कारण काकडीच्या औषधी इतिहासाचा खरा भर बियांवर आहे. चरकाच्या चिकित्सास्थानात मूत्रकृच्छ्रावर, म्हणजे लघवी अडखळत आणि जळजळत होण्यावर, एर्वारूच्या बिया, ज्येष्ठमध आणि दारुहळद तांदळाच्या धुवणातून द्यायला सांगितल्या आहेत. मुतखडा आणि मूत्रातील वाळू यांसाठी एर्वारु, त्रपुस आणि करडई यांच्या बिया द्राक्षाच्या रसातून. सुश्रुताने एर्वारूच्या बियांचा कल्क एक अक्ष, म्हणजे आजच्या मापाने सुमारे १२ ग्रॅम, सैंधव घालून धान्याम्लातून, म्हणजे धान्य आंबवून केलेल्या कांजीतून, प्यायला दिला आहे. पित्ताची जळजळ, तहान, थकवा यांवर फळ आणि लघवीच्या तक्रारींवर बी, अशी ही विभागणी जवळजवळ प्रत्येक संहितेत आणि निघंटूत टिकून आहे. कर्कटीला एक पर्यायी नावच ‘मूत्रफला’ असे पडले होते.

या कृतींचा प्रवास मोठा चिवट आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी उत्तरेकडील ककड़ीला ‘युटिलिसिमस’, म्हणजे अत्यंत उपयोगी, असे लॅटिन विशेषण दिले. तिच्या बियांचे पीठ लोक खातात, त्यांचे सौम्य तेल स्वयंपाकाला आणि दिव्याला वापरतात आणि भाजलेल्या बियांची पूड साखरेबरोबर घेतल्यास मूत्र साफ होऊन वाळू पडून जाते असे सांगतात, अशी नोंद त्यांनी केली. उदयचंद दत्त यांनी १८७७ साली संस्कृत वैद्यकातील द्रव्यांवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात याच बिया पाण्यात वाटून, नुसत्या किंवा मीठ आणि कांजी यांच्यासह देण्याची कृती आहे. सुश्रुताचे सैंधव आणि धान्याम्ल दीड हजार वर्षांहून अधिक काळाने इंग्रजी औषधकोशात जसेच्या तसे उतरले. सरकारी आयुर्वेदीय औषधकोशातही त्रपुसाच्या बिया आणि एर्वारूच्या बिया यांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत.

पश्चिमेकडेही बियांचा संसार चालूच होता. मध्ययुगीन युरोपातील औषधांच्या दुकानांत ‘चार मोठ्या थंड बिया’ असा एक ठरलेला संच असे: काकडी, खरबूज, कलिंगड आणि भोपळा. ताप, मूत्रदाह, कोरडा खोकला यांवर त्या कुटून दुधासारखे पेय करून देत. उत्तर भारतात ‘चार मगज’ म्हणून मिळणारा आणि ठंडाईत वाटला जाणारा संच याच चार फळांचा आहे. हा योगायोग नाही. ग्रीक आणि अरबी वैद्यकाची एक फांदी सालेर्नो आणि पॅरिसकडे गेली, दुसरी दिल्ली आणि लखनौकडे आली; दोन्ही फांद्यांवर तेच चार दाणे लागले. फरक इतकाच की युरोपात हा संच औषधकोशांतून गळून गेला आणि भारतात तो होळीच्या पेल्यात शिल्लक राहिला. आताच्या बाजारी पुडीत मात्र ‘मगज’ म्हणून बहुधा एकट्या कलिंगडाच्या किंवा खरबुजाच्या सोललेल्या बिया असतात.

या सर्व परंपरेला आधुनिक कसोटी लावायची तर नेमके काय तपासायचे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. काकडीच्या बियांच्या मूत्रल गुणावर जे प्रयोग झाले ते बहुतांशी प्राण्यांवरचे आणि लहान आहेत. त्यांवरून माणसाच्या मुतखड्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही. अडचण आणखी एक आहे. जुन्या कृतींत बी कधीच कोरडी गिळायला दिलेली नाही. ती तांदळाच्या धुवणातून, द्राक्षरसातून, कांजीतून, म्हणजे प्रत्येक वेळी द्रवातून दिली आहे. इटलीतील बोर्गी आणि सहकाऱ्यांनी एकदा मुतखडा होऊन गेलेल्या १९९ रोग्यांवर पाच वर्षे केलेला प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना भरपूर पाणी प्यायला लावले त्यांच्यातील सुमारे १२ टक्के रोग्यांना पुन्हा खडा झाला. ज्यांना तसे सांगितले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण २७ टक्के होते. नुसत्या पाण्याचा परिणाम एवढा असेल, तर बीचे श्रेय किती आणि ती ज्यात कालवली त्या पेयाचे किती, हे वेगळे काढल्याशिवाय कोणताही दावा उभा राहत नाही. एका गटाला बी घातलेली कांजी आणि दुसऱ्याला तितकीच बिनबियांची कांजी, अशी तुलना हवी. कल्पनेला साधा, पण पैसा आणि धीर मागणारा हा प्रयोग आहे.

आणि त्याआधी बी कोणाची हे ठरायला हवे. काकडीची आणि ककड़ीची सोललेली बी नुसत्या डोळ्यांनी वेगळी ओळखणे सरावलेल्यालाही कठीण जाते. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली कवचाच्या पेशी पाहाव्या लागतात किंवा जनुकीय खुणा तपासाव्या लागतात. वाण कडू की गोड हे तर बी पाहून कळतच नाही. एखाद्या शोधनिबंधात नुसते ‘काकडीच्या बियांचा अर्क’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो त्रपुसाविषयी आहे, एर्वारूविषयी आहे की दुकानातल्या मगजाविषयी, हे वाचकाला सांगता येत नाही.

काकडीच्या वयाचा मुद्दा तर बहुतेक वेळा सुटूनच जातो. सुश्रुताने त्रपुसाच्या तीन अवस्था वेगळ्या केल्या आहेत: कोवळे आणि गडद रंगाचे ते पित्त कमी करणारे, फिकट पडलेले ते कफ वाढवणारे आणि जून होऊन आंबटसर झालेले ते वात व कफ दूर करणारे. गुणांची ही परिभाषा आजच्या प्रयोगशाळेत मोजता येत नाही, पण तिच्यामागचे निरीक्षण मोजता येते. कोवळ्या काकडीत शंभर भागांत पंचाण्णवांहून अधिक पाणी असते आणि बी म्हणजे नुसती पातळ पारदर्शक साल. आत तेल नाही, प्रथिने नाहीत. कोशिंबिरीत जी काकडी जाते तिच्यात ग्रंथांतले बी अजून तयार झालेलेच नसते. ते तयार होते ती काकडी पिवळी किंवा तपकिरी होऊन, साल जाड होऊन, बाजारातून बाद ठरल्यावर.

जोसेफ हूकर १८४८ साली हिमालयात फिरत असताना अशी तांबूस तपकिरी, भली मोठी काकडी रस्तोरस्ती लोक खाताना त्यांनी पाहिली आणि पुढे १८७६ साली तिला सिक्कीमच्या नावाने वेगळा प्रकार म्हणून नोंदवले. कोकणात श्रावण-भाद्रपदात घराच्या पडवीवर चढलेले तवसे असेच जून होऊ देतात. धोंडस करण्यासाठी ते चिरले की आतला मगज आणि बिया चमच्याने काढून बाजूला होतात, किसलेला गर तेवढा रव्यात आणि गुळात जातो. बाजूला पडलेल्या त्या बियांतून चांगल्या टपोऱ्या निवडून, राखेत घोळवून पुढच्या मृगासाठी ठेवल्या जातात. बाकीच्या उकिरड्यावर जातात.